चार नंबरचं घड्याळ

“मिस बोरकुटे, पृथ्वी तुम्हालाच कमी ओढते का हो?”

देवतळे सरांनी माझी कच्ची वही टेबलावरून माझ्याकडे सरकवली. आजूबाजूच्या सहा टेबलांवर दोघं-दोघं उभी होती, त्यांच्यात खसखस पिकली.

“पुन्हा नऊशे एक्केचाळीस. गेल्या मंगळवारी किती आलं होतं?”

“नऊशे त्रेचाळीस, सर.”

“आणि त्याच्या आधी?”

“नऊशे चाळीस.”

“वा! चुकण्यात सातत्य आहे. एवढं सातत्य अभ्यासात ठेवा.” सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. “अख्ख्या जगाला नऊशे ऐंशीच्या आसपास येतं. या खोलीतल्या बारा जणांना आलं. तुमच्या एकटीसाठी विद्यापीठ दुसरी पृथ्वी मागवणार नाही. पुढच्या शनिवारी जर्नलवर शेवटच्या सह्या. सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर काय, ते घरी वडिलांना तुम्हीच कळवा.”

एक्याऐंशी सालचा फेब्रुवारी होता. मी अमरावतीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. माझं गाव चंद्रपूरकडे, मूलच्या पुढे जंगलाला लागून. वडील वनरक्षक. नाव शेवटच्या यादीत लागलं म्हणून मी कॉलेजात उगवले ती सप्टेंबरात, आणि तोवर प्रॅक्टिकलच्या जोड्या लागून गेल्या होत्या. बॅचमध्ये बारा जण, मी तेरावी. तेरा म्हटलं की आपल्याकडे काय आठवतं ते सांगायला नको.

त्या दिवसांत माझ्या वाट्याला आलेला प्रयोग होता बार पेंड्युलमचा. मीटरभर लांबीची पितळी पट्टी, तिला ओळीने भोकं. भोकात सुरीसारखी धार अडकवून पट्टी भिंतीवर टांगायची, हलकासा झोका द्यायचा आणि वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं. मग पुढचं भोक, पुन्हा वीस झोके. शेवटी आलेख काढून हिशेब करायचा, आणि त्यातून ‘जी’ मिळवायचा. पडणारी वस्तू दर सेकंदाला किती वेग घेते, तो हा आकडा. एकाने झोके मोजायचे, दुसऱ्याने कळ दाबून घड्याळ चालू-बंद करायचं, अशी पद्धत. मला दुसरं कोणी नव्हतं. मी एका डोळ्याने पट्टी बघायची, एका डोळ्याने काटा, आणि तोंडाने मोजायची. आकडा चुकतो तो यामुळेच, असं मला मनापासून वाटायचं. सरांनाही तसंच वाटत असावं, कारण ते एकदा म्हणाले होते, “दोन माणसांचं काम आहे हे, तुम्ही कुणाला तरी धरत का नाही?” जणू मी धरायला गेले तेव्हा सगळे पळाले नव्हते.

रविवारी हॉस्टेल ओस पडायचं. जवळपासच्या मुली गावी जायच्या, उरलेल्या मॅटिनीला. मी पलंगावर वही घेऊन आपल्याच चुका शोधत बसायची. झोका मोठा देत असेन का? मोठ्या झोक्याला वेळ जास्त लागतो, असं पुस्तकात होतं. पुढच्या खेपेला झोका इतका लहान दिला, की पट्टी हलते आहे की नाही ते वाकून बघावं लागलं. तरी तेच. मोजताना पट्टी सोडल्याबरोबर ‘एक’ म्हणत असेन का? तसं केलं की वीसच्या जागी एकोणीसच झोके भरतात. पण मग ‘जी’ वाढायला हवा होता, माझा तर घटला होता. धार तिरपी बसते का? पेन्सिलीने खूण करून बसवली. तरी तेच. शाळेत मी बल, जडत्व, लंबक असं शिकले होते. इथे वर्गात सगळं इंग्रजीत वाहून जायचं आणि मी काठावर उभी. पण त्या पट्टीपाशी उभं राहून मला महिनाभरात जेवढं मेकॅनिक्स समजलं, तेवढं पाच महिने वर्गात बसून समजलं नव्हतं. फक्त ते सांगायला माणूस नव्हतं. काही दिवस तर असे जायचे, की सकाळपासून मी मेसमध्ये ‘भात’ आणि ‘बस’ एवढे दोनच शब्द बोललेली असायची.

प्रयोगशाळेत मधल्या सुट्टीत कोणी नसायचं. असायचे ते फक्त गुलाबकाका, आमचे लॅब अटेंडंट. साठीकडे झुकलेले, खाकी सदरा, पांढरी टोपी. सकाळी येऊन उपकरणं पुसायची, घड्याळांना चावी द्यायची, आणि दुपारी स्टोअरमध्ये डबा उघडून ट्रान्झिस्टरवर शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, हा त्यांचा शिरस्ता. मी मधल्या सुट्टीतही पट्टीपाशी उभी राहायला लागले, तसे एक दिवस ते हात पुसत बाहेर आले.

“काहून वं पोरी, रोज रोज त्या पट्टीले झुलवतं? पाळण्यातलं लेकरू हाय का थे?”

“उत्तर चुकतंय, काका. एकटीने नीट मोजता येत नाही.”

“मंग मले सांगाचं ना. मोजाले काय लागते? बाजारात मापारी होतो म्या. धा वर्षं लोकाइची जवारी मोजली.”

मी घड्याळ हातात घेतलं, पट्टी सोडली. काका कमरेवर हात ठेवून गंभीरपणे मोजायला लागले. “लाभ… दोन… तीन…”

मी घड्याळ थांबवलं. “काका, लाभ काय?”

“पयल्या मापाले एक नाई मनत, माय. लाभ मनते.”

“पण ही ज्वारी नाही ना!”

“मोजनं त हाय. बरकत नको का त्यात?”

मी हसले. अमरावतीला आल्यापासून कोणाबरोबर तरी हसले ते पहिल्यांदा. मग आम्ही लाभापासून वीसपर्यंत मोजलं, सगळ्या भोकांना मोजलं, तीन दिवस मोजलं. काकांची नजर माझ्यापेक्षा पक्की होती आणि माझे दोन्ही डोळे आता काट्यावर होते. आकडे आले ते सगळे मी एकटीने काढलेल्या आकड्यांसारखे, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. म्हणजे दुसरं माणूस नसणं ही माझी चूक नव्हती. हे कळलं तेव्हा मला उगाचच रडू आलं. काकांना वाटलं, उत्तर अजून चुकतंय म्हणून.

मग चुकत काय होतं? हाताची चूक कधी पुढे जाते, कधी मागे. माझी चूक दरवेळी एकाच बाजूला, एकाच मापाने जात होती. जी चूक अशी शिस्तीत वागते ती माणसाची नसते, यंत्राची असते. पुढे बत्तीस वर्षं मी हे फळ्यावर मुलांना शिकवलं, पण मला ते कोणी शिकवलं नाही. ते मला त्या आठवड्यात सुचलं आणि मी सरांकडे गेले.

“सर, ते चार नंबरचं घड्याळ तपासता येईल का? पुढे पळत असेल तर…”

“चार नंबर?” सरांनी मान वर केली. डिपार्टमेंटात चालू स्थितीतली घड्याळं दोनच होती. एक परीक्षेसाठी सरांच्या कपाटात कुलपात असायचं, दुसरं हे, बार पेंड्युलमच्या टेबलाचं. “मिस बोरकुटे, त्या घड्याळावर आठ वर्षं मुलं नऊशे ऐंशी काढतायत. घड्याळ चुकत असतं तर आठ वर्षं उत्तर बरोबर आलं असतं का? विचार करा. सायन्सच्या विद्यार्थिनी आहात.”

मी विचार केला. युक्तिवाद बिनतोड होता. आठ वर्षं, वर्षाला चार बॅचेस, सगळ्यांना बरोबर. घड्याळ खरं होतं, पट्टी खरी होती, पृथ्वी तर खरी होतीच. उरले कोण, तर मी.

गुरुवारी कॅन्टीनमध्ये मी नेहमीच्या कोपऱ्यात बसले होते, तेव्हा बॅचमधली मंदा इंगोले समोर येऊन बसली. मंदा अमरावतीचीच, वकिलाची मुलगी, बडबडी आणि मनाने मोकळी. तिच्याभोवती कायम चार-पाच जण असायचे.

“तुझं अजून ते पेंड्युलमच चाललंय म्हणे?” ती म्हणाली. “अगं, परवा सह्या आहेत. वेडी का काय तू?”

“उत्तर येत नाहीये.”

“येईल कसं? पोथी कुठे आहे तुझ्याकडे?” तिने पिशवीतून खाकी कव्हर घातलेलं जुनं जर्नल काढून माझ्यासमोर ठेवलं. कडा मऊ पडलेल्या, पानांवर चहाचे डाग. पहिल्या पानावर नाव होतं, काळमेघ, आणि साल त्र्याहत्तर.

“हे काय?”

“पोथीच म्हणतात सगळे. हा काळमेघ म्हणे विद्यापीठात तिसरा आला होता. प्रत्येक बॅच यातूनच उतरवते. दशांशानंतरचा आकडा तेवढा मागेपुढे करायचा, म्हणजे सगळ्यांचं सारखं दिसत नाही. कोणीतरी तुला दिली असेल असंच मला वाटत होतं. या मुलांना सांगायला नको का कोणी?”

“म्हणजे तुम्ही बारा जणांनी मोजलंच नाही?”

“दोनदा हलवून बघितली ना पट्टी. सर आले की मोठ्याने मोजायचं. दोन-दोन तास कोण उभं राहणार तिथे?”

“आणि तुमच्या आधीच्यांनी?”

“त्यांनीही यातूनच.”

“आणि काळमेघने?”

“त्यालाही कोणीतरी दिलंच असेल गं!” मंदा खळखळून हसली. “तू फार विचार करतेस. आणि उद्यापासून आमच्यात येऊन बस. एकटी काय बसतेस कोपऱ्यात भुतासारखी!”

या एका वाक्यासाठी मी सप्टेंबरपासून थांबले होते, हे कबूल करायला हवं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. आठ वर्षांत त्या घड्याळावर कोणी मोजलंच नव्हतं. मी पहिली होते.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी धावतच स्टोअरमध्ये गेले. “काका, घड्याळ खरं की खोटं हे कसं कळेल?”

“थ्याले काय लागते? रेडू सांगते ना.” त्यांनी ट्रान्झिस्टरची तार वर ओढली. “एकच्या बातम्याले टूं टूं होते, दोनलेबी होते.”

एक वाजताचे ठोके पडायला लागले. शेवटच्या लांब ठोक्याला मी चार नंबरची कळ दाबली. मग तासभर आम्ही दोघं ते घड्याळ टेबलावर मधोमध ठेवून त्याच्याकडे बघत बसलो. काकांनी मला अर्धी भाकर आणि जवसाची चटणी दिली. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं, तिला माझ्याएवढं शिकवता आलं नाही म्हणाले. मी त्यांना माझं गाव सांगितलं, वडील रोज किती मैल जंगल चालतात ते सांगितलं, आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच कसे राहायचो ते सांगितलं. एवढं मी अमरावतीत कोणाशीच बोलले नव्हते. दोनचे ठोके सुरू झाले. शेवटच्या ठोक्याला मी कळ दाबली.

एकसष्ट मिनिटं बारा सेकंद.

“काय झालं?” काका म्हणाले.

“तासाला बहात्तर सेकंद पुढे पळतंय.” मी त्यांच्याच डब्याखालच्या कागदावर गुणाकार-भागाकार केला. दोनदा केला. नऊशे एक्केचाळीसचे नऊशे एकोणऐंशी झाले. “काका, बरोबर आलं. माझं पहिल्यापासून बरोबर होतं!”

“मी काय मनत होतो? लाभापासून मोजलेलं खोटं होते का?” त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. त्यांनी घड्याळ उचलून कानाला लावलं. “रोज सकाळी चावी देतो म्या याले. अन् हे असं लबाडी करते! कितीक पोराइचं नुकसान झालं असन. उद्या सायेबाले सांगू आपन.”

“हो,” मी म्हणाले. “उद्या सांगू.”

पावणेचारला मी कॅन्टीनमध्ये गेले तेव्हा मंदाने हात करून बोलावलं. मी त्यांच्या बाकावर बसले आणि सगळं सांगून टाकलं, ठोके, बहात्तर सेकंद, नऊशे एकोणऐंशी. मला वाटलं टाळ्या पडतील. आनंदात माणसाची अक्कल चरायला जाते ती अशी. मंदाने हातातला कप खाली ठेवला.

“सरांना सांगणारेस?” तिने विचारलं.

“हो. उद्या.”

“आणि सर म्हणाले, मग या बारा जणांना त्याच घड्याळावर नऊशे ऐंशी कसं आलं, तर?”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरंच नव्हतं.

“आमच्या सह्या झाल्यात,” एक मुलगा म्हणाला. “सर त्या रद्द करतील. परीक्षा आठ दिवसांवर आलीय. बाराच्या बारा जणांचं वर्ष जाईल.”

कोणी आवाज चढवला नाही, कोणी धमकी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. मंदाने फक्त माझ्या मनगटावर हात ठेवला. “तुला सहीच हवी आहे ना? मग उतरव आणि मोकळी हो. असं नको करूस ना गं. आत्ताशी तर आमच्यात आलीस.”

मी तिचा हात बघत राहिले. पाच महिन्यांत मला कोणी हात लावला नव्हता.

त्या संध्याकाळी मी पोथीतून उतरवलं. तासाभरात झालं. अक्षर छान आलं, आलेख त्याहून छान. शेवटी लिहिलं, नऊशे एकोणऐंशी पूर्णांक सहा. आकडा तर खराच होता, मी स्वतःला समजावलं, फक्त तो जिथून यायला हवा तिथून आला नव्हता. इतक्या लवकर मी वाकले याची लाज मला आजही वाटते. काकांना सांगायचं राहून गेलं. राहून कसलं गेलं, मी टाळलं.

शनिवारी अकराला मी जर्नल घेऊन प्रयोगशाळेत गेले. बाकीचे बारा जण व्हरांड्याच्या टोकाला उभे होते, सही झाली की सगळे मिळून चहाला जायचं ठरलं होतं. सरांनी पान उघडलं, आलेखावरून बोट फिरवलं.

“आलं की शेवटी! बघा, नीट मोजलं की येतं.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात गुलाबकाका आत आले. सही झालेल्या जर्नलवर डिपार्टमेंटचा शिक्का मारायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून एका हातात शिक्का होता. दुसऱ्या हातात चार नंबरचं घड्याळ होतं.

“सायेब, एक सांगाचं होतं.”

“बोला, लवकर.”

“हे घड्याळ पुढं पळते. तासाले बहात्तर सेकंद.”

पेन कागदावर टेकलं होतं, ते तिथेच थांबलं. “कोणी सांगितलं?”

“म्या पायलं. काल. रेडूच्या ठोक्यावर लावून पायलं.”

सर हुशार होते. त्यांना समजायला दोन क्षणही लागले नाहीत, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. या बॅचच्या बारा सह्या त्यांच्या हातच्या होत्या, आणि मागच्या आठ वर्षांच्याही. ते खुर्चीत मागे टेकले.

“गुलाबराव, तुमचं शिक्षण किती?”

“सातवी, सायेब.”

“सातवी. आणि तुम्ही मला घड्याळ शिकवणार? आठ दिवसांनी बाहेरचे परीक्षक येणार आहेत. त्यांच्या कानावर हे गेलं तर डिपार्टमेंटची काय अब्रू राहील? कामाच्या वेळेत स्टोअरमध्ये बसून रेडिओ ऐकता, तो ऐकता, वर असल्या गोष्टी उठवता!”

“उठवत नाई, सायेब. म्या एकटा नव्हतो.” काकांनी माझ्याकडे हात केला. त्यांच्या आवाजात एवढीशीही शंका नव्हती. “हे पोरगी होती संगं. तिनं कागदावर सारा हिशेब केला. लय हुशार हाय. तिले विचारा ना.”

सर माझ्याकडे वळले. “मिस बोरकुटे, तुम्ही होतात?”

त्यांना कोणतं उत्तर हवं होतं ते उघड होतं. समोर माझं जर्नल होतं, अर्धवट सहीचं. खिडकीतून व्हरांड्याचं टोक दिसत होतं आणि मंदा टाचा उंचावून आत बघत होती. काका माझ्याकडे बघून थोडे हसत होते, जसे आपण आपल्या मुलीला स्टेजवर ढकलताना हसतो तसे.

“नाही, सर,” मी म्हणाले.

काकांचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच थोडा वेळ राहिलं, मग त्यांनी खाली हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, ते आता तो कागद काढतील. तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता, घडी मला दिसत होती, आणि त्यावर माझ्या अक्षरात सगळा हिशेब होता. त्यांनी खिशाला हात लावला नाही.

“मंग मायंच चुकलं असन, सायेब,” ते म्हणाले. “म्हातारा झालो. रेडूच मागं चालत असन.”

“सोमवारपासून तो रेडिओ इथे आणायचा नाही,” सर म्हणाले, आणि त्यांनी सही पूर्ण केली.

काकांनी घड्याळ त्याच्या डबीत ठेवलं. मग माझं जर्नल पुढ्यात ओढलं, शिक्का तिरपा पडू नये म्हणून एका हाताने पान दाबून धरलं आणि शिक्का मारला. शाई वाळावी म्हणून हलकेच फुंकर घातली. हे ते प्रत्येकाच्या जर्नलला करायचे की माझ्याच, मला माहीत नाही. जर्नल मिटून त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं.

“घ्या, बाई,” ते म्हणाले. “झालं तुमचं काम.”

मला तिथेच त्यांचे पाय धरावेसे वाटले. सर समोर बसलेले होते. मी जर्नल घेतलं आणि बाहेर आले.

कॅन्टीनमध्ये मंदाने सरकून बाकावर मला आपल्याशेजारी जागा केली. माझा चहा आधीच सांगून ठेवला होता. कोणीतरी म्हणालं, “चला, बोरकुटेची पृथ्वी ठिकाणावर आली एकदाची,” आणि सगळे हसले, मीही हसले. दोन्ही बाजूंनी माणसं मला खेटून बसली होती. त्या रिकाम्या हॉस्टेलात, त्या पट्टीपाशी, मेसच्या कोपऱ्यात, कुठेच मला कधी एवढं एकटं वाटलं नव्हतं.

“ए, तो म्हातारा सरांना काय सांगत होता गं?” मंदाने विचारलं. “घड्याळ का होतं त्याच्या हातात?”

“काही नाही गं,” मी म्हणाले. “असाच.”